हॉर्नपर्यंत न पोचलेले दीड व्होल्ट

बंद काचांची मोठी गाडी आपल्या शेजारून चाललीये आणि चालकाने न बघता ती आपल्या अंगावर दाबायला सुरुवात केली तर बाईकवाल्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, ब्रेक आणि हॉर्न. दोन महिन्यांपूर्वी माझ्यावर ही वेळ आली. मी अंगठा हॉर्नच्या बटणावर दाबून धरला, चांगले तीन-चार सेकंद, आणि त्या माणसाला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. ब्रेक मारून मागे झालो म्हणून निभावलं. पुढे सिग्नलला त्याने काच खाली केली आणि मनापासून सॉरी म्हणाला, हॉर्न ऐकूच आला नाही म्हणाला. मला ते खरं वाटलं, कारण हेल्मेटच्या आत मला स्वतःलाच तो आवाज जेमतेम येत होता, एखाद्या लहान पोराने पिपाणी फुंकावी तेवढा.

त्या दिवशी घरी आल्यावर ठरवलं की हे आता टाळायचं नाही. पण नवीन हॉर्न घ्यायच्या आधी एक गोष्ट केली आणि ती केली म्हणून आज हे लिहितोय. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी काढल्या, दोन जाड वायरी बॅटरीवरून थेट हॉर्नला टेकवल्या, आणि तोच हॉर्न खणखणीत वाजला. नवीनसारखा नाही, पण रोज ऐकतो त्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे हॉर्न मेलेला नव्हताच, त्याला पोटभर करंट मिळत नव्हता.

हॉर्नच्या आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. आत एक कॉइल असते, तिच्यात करंट गेला की ती लोखंडी गाभ्याला ओढते, गाभा पातळ पत्र्याच्या पडद्याला जोडलेला असतो. गाभा ओढला गेला की तोच एक पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत जागेवर येतो, पॉइंट मिटतो, परत करंट. हे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा होतं आणि तोच आपल्याला ऐकू येणारा सूर. व्होल्टेज कमी पडलं की कॉइलची ओढ कमी होते, पडदा पुरता हलत नाही आणि आवाज बसका, घोगरा होतो. बारा व्होल्टचा हॉर्न दहावर वाजवला तर थोडा कमी वाजेल असं वाटतं, प्रत्यक्षात त्याचा जीवच जातो.

मग मल्टीमीटर घेऊन बसलो. इंजिन बंद, बटण दाबलेलं, बॅटरीवर १२.३ व्होल्ट आणि हॉर्नच्या टोकांवर १०.९. मधले १.४ व्होल्ट वाटेत गेले. कुठे गेले तेही शोधता येतं, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं हॉर्नच्या प्लसला लावायचं, बटण दाबायचं, जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या तुकड्यात वाया जातायत. माझ्याकडे या बाजूला अर्धा व्होल्ट आला. दुसऱ्या बाजूला, म्हणजे हॉर्नच्या मायनसपासून हँडलवरच्या बटणातून बॅटरीच्या मायनसपर्यंत, ०.९. म्हणजे मुख्य दोषी बटण. इथे एक लक्षात घ्या, पुष्कळ बाईकमध्ये हॉर्नला किल्ली फिरवली की प्लस कायम मिळतं आणि बटण फक्त अर्थ, म्हणजे मायनस, जोडतं, काहींमध्ये उलटं असतं. तुमच्याकडे कसं आहे ते किल्ली चालू करून, बटण न दाबता, हॉर्नच्या वायरीवर टेस्टर लावला की लगेच कळतं.

बटण खोललं तर आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसल्या, हॉर्नच्या क्लिपा काढून त्याही साफ केल्या. लगेच फरक पडला. कुणाला एवढंच पुरणार असेल तर इथेच थांबा, खरंच, पैसे घालवायची गरज नाही. हॉर्नच्या मागे एक छोटा स्क्रू असतो, त्यावर रंग किंवा सील लावलेलं असतं, तो आतल्या पॉइंटचं अंतर ठरवतो. पॉइंट झिजले की तो पाव फेरा इकडे-तिकडे करून सूर परत लावता येतो. आधी पेनने खूण करून ठेवा म्हणजे मूळ जागेवर येता येईल, आणि एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका, करंट उगाच वाढतो आणि पॉइंट जळतात.

मला मात्र तो प्रसंग डोक्यातून जात नव्हता. एकच बारका हॉर्न, तोही त्याच्या पूर्ण ताकदीने, बंद काचेच्या आत गाणी चालू असलेल्या माणसाला पुरेल असं वाटेना. नियम काय म्हणतो ते शोधलं तेव्हा एक गोष्ट कळली जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. बऱ्याच देशांनी स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा २८ क्रमांकाचा जो नियम आहे त्यात हॉर्नचा आवाज गाडीच्या पुढे ७ मीटरवर मोजतात, आणि ७ किलोवॅटच्या वरच्या मोटरसायकलला तो किमान ९३ डेसिबल हवा, पण ७ किलोवॅट आणि त्याखालच्यांना किमान ८३ चालतो. वरची मर्यादा दोघांना सारखीच, ११२. आता दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. लहान बाईकला छोटा हॉर्न लावून नियम पाळला जातो, कंपनीचं वजन वाचतं, खर्च वाचतो, आणि रस्त्यावर मात्र लहान बाईकसमोर तीच गाडी असते जी मोठ्या बाईकसमोर असते. मला हे बरोबर वाटत नाही. किमान आवाज बाईकच्या ताकदीवर का ठरावा? ऐकणारा तर तोच आहे.

डब्यावरच्या डेसिबलला भुलू नका. ११८, १३० असले आकडे छापलेले असतात आणि किती अंतरावर मोजले ते लिहिलेलं नसतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, दोन मीटरवर जे मोजलं ते सात मीटरवर जवळजवळ अकराने खाली येतं. आणि एकसारखे दोन हॉर्न लावले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबल वाढतो. तरीही दोन लावायचे ते वेगळ्या कारणासाठी. एक खालच्या सुराचा, चारशे हर्ट्झच्या आसपास, दुसरा वरचा, पाचशेच्या आसपास. दोन सूर एकत्र आले की कानाला ते लगेच गाडीचा हॉर्न म्हणून कळतं. एकट्या बारीक सुराला लोक स्कूटी समजून सोडून देतात असा माझा अनुभव.

प्रकारांचं म्हणाल तर चपटे डिस्क हॉर्न आणि शंखासारखे विंडटोन, हे दोन मुख्य. डिस्कमध्ये पडद्यासोबत एक चकती थरथरते आणि दोन-तीन हजार हर्ट्झचा टोचणारा आवाज निघतो, आपला कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो म्हणून तो गर्दीतून आरपार जातो. विंडटोनमध्ये आवाज गोल फिरणाऱ्या नळीतून घुमून येतो, भरदार आणि ऐकायला बरा, पण जागा जास्त खातो आणि तोंड वर किंवा समोर राहिलं तर पावसाचं पाणी आत साठतं. कॉम्प्रेसरवाला एअर हॉर्न बघितला आणि सोडून दिला, त्याला अठरा-वीस अँपिअर लागतात, वजन आहे, आणि शहरात तो आवाज म्हणजे शेजारून चालणाऱ्या माणसावर अन्याय आहे. मी डिस्कची जोडी घेतली.

मी एक प्रयोग मुद्दाम केला, नवीन दोन्ही हॉर्न जुन्याच वायरीवर लावून बघितले, कारण बरेच जण तसंच करतात. (बटण साफ करायच्या आधीच हे करून ठेवलं होतं, फ्यूजवर नजर ठेवून, एक सेकंदभर.) हॉर्नच्या टोकावर साडेआठ व्होल्ट. दोन महागडे हॉर्न आणि आवाज जुन्यापेक्षा वाईट, फाटलेला. जुना हॉर्न अडीचेक अँपिअर घ्यायचा, नवीन दोन मिळून नऊ-दहा मागतात, तो एवढासा स्विच आणि ती अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर कुठून देणार. वरून बटणाच्या पट्ट्या जळतात ते वेगळंच.

म्हणून रिले. रिलेचं काम सोपं आहे, बटणातून फक्त दीडशे-दोनशे मिलीअँपिअर जातात आणि तेवढ्यावर रिले आतला मोठा दरवाजा उघडतो, खरा करंट बॅटरीतून जाड वायरीने थेट हॉर्नला. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीचं प्लस, फ्यूजमधून. ८७ वरून दोन्ही हॉर्नचं प्लस. ८५ आणि ८६ ला जुन्या हॉर्नच्या त्याच दोन वायरी, कापायच्या नाहीत, क्लिपा तशाच लावायच्या. आणि यात गंमत अशी की तुमचं बटण अर्थ जोडणारं असो की प्लस जोडणारं, साध्या रिलेला काही फरक पडत नाही, कुठलीही वायर कुठल्याही पायाला चालते. आत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असलेला रिले असेल तर मात्र ८६ लाच प्लस द्यायचं. पाच पायांचा रिले मिळाला तर मधला ८७ए मोकळा सोडा, तिथे हॉर्न जोडला तर बटण न दाबताच वाजत राहील. हॉर्नचं मायनस मी फ्रेमला न देता वेगळी वायर ओढून बॅटरीलाच दिलं, फ्रेमवरचा रंग आणि गंज यांच्यावर माझा विश्वास नाही.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली. फ्यूज १५ अँपिअरचा, निळा, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, फ्यूज हॉर्नजवळ लावलेले मी पाहिलेत आणि तो फ्यूज कशाचंच रक्षण करत नाही. वायर टाकीखालून फ्रेमला घासत येते, कधीतरी इन्सुलेशन सोलवटलं तर शॉर्ट तिथे होणार, मग फ्यूजच्या आधीची ती सगळी वायर टाकीखाली लालबुंद होणार. म्हणून पहिल्यांदा फ्यूज, मग बाकी सगळं, आणि काम चालू असताना बॅटरीचं मायनस काढून ठेवलेलं. जोड पिळून टेप गुंडाळायचे नाहीत, वायरीच्या टोकाला नीट थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून वर स्लीव्ह चढवायची. हल्लीच्या काही बाईकमध्ये हॉर्न इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमधून चालतो, तिथे डायोडवालाच रिले घ्या, नाहीतर कॉइल बंद होताना जो झटका मागे येतो तो त्या कंट्रोलरला बसतो. बाईक वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या.

फिटिंगला माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, जवळजवळ अर्धा दिवस. कंपनीचा हॉर्न एका पातळ स्प्रिंगच्या पट्टीवर लटकलेला असतो आणि ती पट्टी स्वस्तात बनवलेली म्हणून पातळ नाहीये, हॉर्नच्या बॉडीला मोकळं थरथरता यावं म्हणून तशी आहे. तो थेट फ्रेमला घट्ट आवळला किंवा कुठे टेकला तर आवाज दबतो आणि चिरका होतो. पहिल्यांदा माझा एक हॉर्न वायरिंगच्या जाळ्याला जेमतेम चिकटत होता, एवढ्यानेही सूर बदलला होता, बोटभर सरकवला आणि लगेच सुटला. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, पुढचा शॉक दाबून बघायचा की मडगार्ड वर येऊन आपटत नाही ना, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, आणि रेडिएटर किंवा ऑइल कूलर असेल तर त्याची हवा अडवायची नाही. तोंड समोर आणि किंचित खाली.

सगळं जोडून परत मीटर लावला. इंजिन बंद असताना हॉर्नवर १२.०, इंजिन चालू करून थोडा रेस दिला तर १३.६. आवाज ऐकून मी स्वतः दचकलो. दुसऱ्यांदा वाजवला तो कानात बोळे घालून.

आता वाजवायचं किती, याबद्दल. हॉर्न बदलल्यापासून माझं वाजवणं कमी झालंय आणि हे मी ठरवून केलेलं नाही. पूर्वी ऐकू जात नाही म्हणून चार-चार वेळा दाबायचो, आता अर्ध्या सेकंदाचा एक टिचका पुरतो. पायी चालणारी माणसं, म्हातारी माणसं समोर असली की मी वेग कमी करतो, हॉर्नला हात लावत नाही, कारण हा आवाज जवळून अंगावर येतो आणि घाबरून माणूस उलट दिशेलाही उडी मारतो. सुरांचे, बदलत जाणारे हॉर्न लावू नका एवढीच विनंती, वर सांगितलेल्या नियमातही आवाज सलग आणि एकसारखाच हवा असं म्हटलंय आणि ते योग्य आहे.

तीन आठवड्यांनी पहिला मोठा पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी हॉर्न बंद. सीट काढून बघितलं तर मी फ्यूजचा होल्डर तोंड वर करून बांधला होता, त्यात पाणी साठलं होतं आणि एका पायावर हिरवट थर आला होता. साफ केला, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं, भरलं, होल्डर उलटा केला. रिलेही तपासला, त्याचे पाय आधीपासून खाली तोंड करून होते, तो कोरडा होता. केबल टायने परत बांधला, एक जास्तीचा निळा फ्यूज टूलकिटमध्ये टाकला, जुना हॉर्नही कापडात गुंडाळून ठेवलाय, त्याच्या पट्टीसकट.