आडवाटेवरचे डिझेल

“तुम्ही सुरगाणा, पेठ, बागलाण असे आडवाटेने फिरता, तिकडे डिझेल मिळते का, की कॅन भरून नेता?” असे मला नाशिकमध्ये नेहमी विचारले जाते. म्हणून सविस्तर सांगतो. डिझेल मिळते, पण गाडीला हवे तेव्हाच मिळेल याची खात्री नसते; म्हणून मी गरज पडण्याआधीच भरतो.

मुंबई-आग्रा महामार्गावर काटा खाली आला तरी जीव टांगणीला लागत नाही. सटाण्याहून ताहाराबाद, मुल्हेर करत साल्हेरकडे निघाले की हिशेब बदलतो. काटा अर्ध्यावर असला तरी मी सटाण्यात टाकी फुल करतो आणि पुढच्या कोणत्याही पंपावर भिस्त ठेवत नाही, कारण चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालणारी गाडी सपाटीवरचे अ‍ॅव्हरेज कधीच देत नाही.

नकाशात पंप दिसला एवढ्यावर विसंबू नये. खेड्यातला पंप रात्री लवकर बंद होतो, लाइट गेली आणि जनरेटर नसला की यंत्र थांबते, आणि रेंज नसेल तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत, म्हणून खिशात रोख हवीच. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात अवकाळी पाऊस झाला की सगळ्यांना एकाच वेळी फवारणी करायची असते आणि पंपावर ट्रॅक्टरची रांग लागते. त्या रांगेत आपली सहलीची गाडी मागे राहिली तर ते योग्यच आहे. पंपांचे टँकर भरतात मनमाडजवळच्या पानेवाडीत; जानेवारी २०२४ मध्ये ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरोधात चालकांनी काम थांबवले, तेव्हा तर शहरातल्या पंपांवरही रांगा लागल्या होत्या.

त्यामुळे वाटेत ट्रॅक्टरवाला किंवा प्रवासी जीपचा चालक भेटला की मी “पंप कुठे आहे?” असे विचारत नाही. “दादा, आज डिझेल कुठे भरलंत?” असे विचारतो. पहिल्या प्रश्नाला जागा कळते, दुसऱ्याला तिथे आज डिझेल आहे की नाही हेही कळते.

हे शहाणपण मला एका चुकीतून आले. पेठ तालुक्यातल्या एका वाडीवर, ऐन पावसाळ्यात, मी एका दुकानातल्या पिंपातून दहा लिटर डिझेल घेतले. पाच-सहा किलोमीटरवर गाडी आचके देऊ लागली आणि डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून जे निघाले ते मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरले. थोड्या वेळाने वर पिवळसर डिझेल आणि तळाशी बोटभर स्वच्छ पाणी, अशी सरळ रेघ दिसली. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी खाली बसते. गाडीतल्या इंधन-पंपाला आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला वंगण डिझेलच पुरवते. त्याच्या जागी पाणी गेले की पोलाद घासते, गंजते, आणि दुरुस्तीचा खर्च सहलीच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो.

टाकी कोरडी पडू देणेही तितकेच वाईट. पेट्रोलच्या गाडीत इंधन ओतले की ती बहुधा चालू होते. डिझेलच्या लाइनमध्ये मात्र हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन उठत नाही. हँड प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये डिझेल चढवणारा छोटा हातपंप, असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबत बसावे लागते, आणि घाटातल्या अंधारात हे काम कोणावर येऊ नये असे मला मनापासून वाटते. घरच्या माणसांबरोबर बंद गाडीत कॅन ठेवणे मला पटत नाही. वासाने मुले हैराण होतात, आणि झाकण सैल झाले तर आग लागण्याचा धोका वेगळाच.

तरीही पिंपातले डिझेल घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी पारदर्शक बाटलीत थोडे घ्या, दहा मिनिटे स्थिर ठेवा आणि तळाशी रेघ दिसते का ते उजेडाकडे धरून पाहा. रेघ नसेल तरच, दाट विणीच्या कोरड्या फडक्यातून गाळून, पुढच्या पंपापर्यंत पुरेल एवढेच टाकीत ओता.