आमच्या दुकानातला पाट

दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक शालूच्या आधी पाटाबद्दल विचारतं. मोठ्या आरशासमोर सागवानी पाट मांडलेला असतो, कोपऱ्यांना पितळी फुल्या ठोकलेल्या. "आज काही पूजा आहे का?" म्हटलं की आमच्या सूनबाई हसतात. पूजा कसली, नवरीला बसवायला आहे तो.

मी लग्न होऊन सांगलीत आले १९९४ साली. खणभागात दोन खोल्या, मिस्टर कापड पेठेत एका दुकानात गादीवर कामाला. मी घरी ब्लाऊज शिवायची. साधा पंधरा रुपये, अस्तराचा पंचवीस. "खणभागात राहते आणि खण शिवते" अशी पेठेत माझी चेष्टा व्हायची, पण त्या चेष्टेनंच गिऱ्हाईक वाढलं. २००३ मध्ये पेठेच्या मागच्या बोळात दहा बाय बाराचा गाळा घेतला. पुढं साड्या, मागं पडद्याआड मशीन.

पहिली काही वर्षं सगळे करतात तेच केलं. बस्त्याला जीप भरून माणसं यायची. चहा व्हायचा, गादीवर चाळीस साड्यांचा ढीग पडायचा. नवरीचा शालू नवऱ्याकडचे घेणार, म्हणजे बोट वरमाईचं. जिला तो नेसायचा ती पोरगी कोपऱ्यात बसून काठाची दशी कुरतडत असायची. कुणी विचारलंच तर "तुम्हाला आवडेल तो" म्हणायची. आम्हालाही त्यात गैर वाटत नव्हतं. बिल झालं, पेढे आले, विषय संपला.

मग मिरजेचं ते लग्न झालं. मे महिना. ब्लाऊज माझ्या हातचा, कटोरी, कोपरापर्यंत बाही. "काकू, एकदम फिट शिवा" अशी ऑर्डर होती. ट्रायलला पोरगी आरशासमोर ताठ उभी राहिली, कुठं सुरकुती नाही. मलाच माझं कौतुक वाटलं. कार्यालयात अंतरपाट खाली आला, हिनं हार उचलला आणि नवरदेवाच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. हिनंही हट्टानं दोन्ही हात वर केले. उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती शिवण, उसवला तो थेट काखेपर्यंत. मावशीनं झटकन शेला ओढला म्हणून फोटोत फार काही आलं नाही. मी चौथ्या रांगेत होते, मुठीत चार अक्षता उरलेल्या. त्या तशाच पर्समध्ये घरी आल्या.

आठवड्यानं तिची आई ब्लाऊज पिशवीत घालून घेऊन आली. वाटलं, आता ऐकावं लागणार. ती एवढंच म्हणाली, "काकू, माप बरोबरच होतं वो. फक्त तवा ती उभी होती."

आम्ही शालू आणि ब्लाऊज उभ्या मुलीवर बघतो, आणि लग्नात ती उभी असते कितीशी? गौरीहरापुढं बसलेली, कन्यादानाला बसलेली, होमापुढं धुरात बसलेली. उठली की शंभर जणांना वाकून नमस्कार. पाट त्याच महिन्यात आला. त्याच्यासोबत सुती दोरीचा एक हारही केला. आमचा मुलगा तेव्हा शाळेत होता. तो स्टुलावर चढून नवरदेव व्हायचा आणि हार गळ्यात पडू द्यायचा नाही.

मुंढ्याचं शिवणाऱ्या पोरींसाठी सांगते. हात मोकळा व्हावा म्हणून मुंढा खोल कापतात, आणि तिथंच फसतात. खोल मुंढ्याचा ब्लाऊज हात वर केला की छातीखालच्या पट्टीसकट वर चढतो. मुंढा काखेशी हवा आणि बाहीला रुंदी हवी. हे कळायला मला ते लग्न लागलं. दोन्ही बगलांना इंचभर दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायचा तोही तेव्हापासून. साखरपुड्याला माप दिलेली मुलगी एकतर डाएट करते, नाहीतर केळवणं खाऊन येते. शेवटचं माप लग्नाआधी दहा दिवस, त्याआधीचं मी धरतच नाही.

पाटावर बसवलं की शालूचंही खरं-खोटं कळतं. जरीच्या टिश्यूचा शालू उभ्यानं झगमगतो, बसल्यावर पोटाशी फुगतो. अंगानं भरलेल्या मुलीला तो मी दाखवतच नाही. मऊ पोताचा, चापून बसणारा बनारसी देते. बारीक मुलीला मात्र तोच टिश्यू चांगला, तिला भर येतो. बुटक्या मुलीला हातभर रुंद काठ घेतला की उंची अर्ध्यात तुटते. तिला तीन-चार बोटांचा काठ आणि निऱ्या अरुंद. पदर मात्र हवा तेवढा भरजरी घ्या, तो खांद्यावरून सरळ खाली येतो.

रंगावरून भांडणं होतात. मुलगी सावळी असली की आत्या-काकू हटकून फिक्कट गुलाबी पुढं करतात, "उजळ दिसंल." मी त्यांच्यादेखत मोरपंखी, डाळिंबी, गर्द राणी अंगावर टाकते आणि सगळ्यांना पायरीवर उभं करते. तिथून आधी चेहरा दिसला पाहिजे, मग साडी. साडी आधी दिसली तर घडी घालायची. हे दिवसाच बघायचं. पांढऱ्या ट्यूबखाली अबोली आणि पीच एकच दिसतात, म्हणून नवरीचा शालू आम्ही संध्याकाळी सहानंतर दाखवत नाही. यापायी गिऱ्हाइकं गेली आहेत, गेली तर गेली.

मुलीचं मन काढायला माझी एक युक्ती आहे. बस्ता सुरू व्हायच्या आधी "माप घेते" म्हणून तिला पडद्याआड नेते. टेप गळ्यात टाकून हळूच विचारते, कुठला रंग नको? हवा कुठला ते मुली सांगत नाहीत, नको कुठला ते लगेच सांगतात. बाहेर येऊन तेवढे गठ्ठे मी खाली काढतच नाही. वरमाईला वाटतं, सगळं तिनंच ठरवलं.

मालासाठी बनारसला जायला लागलो तेव्हा तिथल्या मदनपुऱ्यातल्या साड्यांच्या एका म्हाताऱ्या गद्दीवाल्यांनी साडी उलटी करून बघायला शिकवलं. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात, उलट्या बाजूला मोकळे धागे राहत नाहीत. फेकवा वीण स्वस्त, त्यात धागा काठापासून काठापर्यंत जातो आणि मधला कापतात, त्याची टोकं मागं राहतात. नवरीच्या हातात हिरवा चुडा, पायात जोडवी. ती टोकं बरोबर त्यात अडकतात. फेकवा घेतलीच तर आतून नेट लावून देतो, त्याचे पैसे वेगळे.

२०१९ चा ऑगस्ट लिहायचा नव्हता, पण लिहिल्याशिवाय दुकानाची वाटचाल कसली. २००५ च्या महापुराच्या पाण्याची खूण भिंतीवर होती, सगळे रॅक आम्ही तिच्या वर घेतले होते. त्यामुळं निर्धास्त. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट म्हणजे धोका, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाच दिवसांनी शटर वर केलं तेव्हा वास आधी आला. तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा नवरींचे कच्चे शिवलेले ब्लाऊज हँगरला होते. लाल अस्तराचा रंग पिवळ्या अष्टपुत्री साडीवर उतरलेला, जर काळी पडलेली, घडीघडीत गाळ. पाट मात्र तरंगत तरंगत काउंटरवर जाऊन बसला होता. मिस्टर त्याही वेळी म्हणाले, "बघ, हा पोहायला शिकलाय."

अकराच्या अकरा घरांना फोन केले. नऊ घरांनी कापड पुन्हा घेतलं, तेही आमच्याकडूनच. दोघांनी आगाऊ परत मागितलं, ते हप्त्यानं दिलं. तेव्हापासून शिवलेला माल माडीवर. मग लॉकडाऊन आला, पन्नास माणसांची लग्नं आली. मास्कला शालूचा काठ लावून द्या म्हणणारेही आले. दिले लावून.

आता सूनबाई रील करतात, शिवलेली नऊवारी भाड्यानं देतात. भाड्याचं मला पटत नव्हतं, पण एका दिवसासाठी वीस हजार घालायची ऐपत नसलेल्या मुलीनं का मन मारायचं? पाटाचं काम मात्र अजून माझ्याकडे.

गेल्या रविवारी तासगावकडची एक मुलगी आली, जीन्सवर शालू गुंडाळून पाटावर मांडी घालून बसली. मी दोरीचा हार हातात दिला. समोर तिचा होणारा नवरा, सहा फूट. तिनं हात वर केले, तो बापडा लगेच वाकला.

"अहो, वाकू नका," मी म्हटलं, "तुमचे मित्र वाकू देणार आहेत का?"

तो सरळ झाला. तिनं गुडघ्यावर उठून पुन्हा हात ताणले आणि म्हणाली, "काकू, डाव्या काखेत जरा ओढतंय."

खडूनं खूण केली.