कामाच्या नोंदीला पत्ता हवा

कामांच्या यादीत ‘पाणीवाटपाचा लेख, दुसरं प्रूफ’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते काम अर्धंच नोंदवलेलं असतं. त्या प्रुफाची पीडीएफ कुठे आहे, लेखकानं मेलमध्ये काय कळवलंय, पहिल्या प्रुफाच्या वेळी आपण कोणती शंका काढली होती, हे सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं. मी सांगलीत घरून पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते आणि आषाढ लागला की एका दिवाळी अंकाचं कामही हातात असतं. माझ्या अनुभवात वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ या शोधाशोधीत जातो. म्हणून कामांचं अ‍ॅप कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट बघायला सांगते: त्यातल्या एकेका कामाची लिंक बाहेर काढता येते का, आणि बाहेरची लिंक त्यात ठेवता येते का?

माझी कामं टूडूइस्टमध्ये असतात, टिपणं ऑब्सिडियनमध्ये, संदर्भ झोटेरोमध्ये. प्रुफं ड्राइव्हवर येतात आणि पत्रव्यवहार जीमेलवर. एवढी ठिकाणं कशाला, सगळं एकाच अ‍ॅपमध्ये का नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. लेखकाचा मेल मेलमध्येच येणार आणि डीटीपी करणारे दादा पीडीएफ ड्राइव्हवरच टाकणार. त्यांना माझ्या अ‍ॅपमध्ये ओढून आणायचा मला काय अधिकार? शिवाय अ‍ॅपं कायम राहत नाहीत. वंडरलिस्ट किती लोकांचं आवडतं होतं! मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. ऑब्सिडियनची टिपणं म्हणजे आपल्याच संगणकावरच्या साध्या मजकूर-फायली असतात. उद्या ते गेलं तरी फायली कशातही उघडतील, हे मला फार मोलाचं वाटतं.

ठिकाणं वेगळी आणि मधे पक्के दुवे, ही पद्धत माझ्या डोक्यात वडिलांच्या आडत दुकानापासून बसलेली आहे. हळदीचा व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग त्या त्या शेतकऱ्याच्या खात्यावर खतावणीत. रोजकीर्दीच्या ओळीपुढे खतावणीचा पान क्रमांक आणि खतावणीत रोजकीर्दीचा. दोन वह्या, पण कुठूनही कुठे जाता यायचं. लिंकही दोन्ही बाजूंनी हवी ती अशी.

प्रत्यक्षात मी असं करते. दर लेखाचं ऑब्सिडियनमध्ये एक टिपण. टिपणाची लिंक कॉपी करायची आज्ञा तिथेच मिळते, ती टूडूइस्टमधल्या कामात चिकटवायची. मग टिपणावरून कामाकडे उलट लिंक, म्हणजे टूडूइस्टमधून ‘कामाची लिंक कॉपी करा’ आणि टिपणाच्या माथ्यावर ठेवा. टिपणात ड्राइव्हवरच्या प्रुफाची लिंक. संदर्भ तपासायचा असेल तर झोटेरोमध्ये पीडीएफवर खूण करून ती नोटेत घेते. ती नोट मार्कडाउन रूपात, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, बाहेर काढली की प्रत्येक उताऱ्यासोबत थेट त्या पानावर नेणारी लिंक येते. ‘हे वाक्य मूळ अहवालात कुठे आहे?’ असं संपादकांनी विचारलं की पान लगेच समोर. २०२२ साली झोटेरोत स्वतःचा पीडीएफ वाचक आल्यापासून हे फार सोपं झालंय.

आता आपल्या लिपीचा भाग, आणि यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ऑब्सिडियनची साधी लिंक टिपणाच्या नावावर चालते. नाव देवनागरीत असेल तर लिंकमध्ये त्यातलं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणा, रोमन अक्षरं आणि आकडे मिळून नऊ अक्षरांचं होतं. ‘शेतकऱ्यांच्या’ या एका शब्दात काने, मात्रे, हलन्त धरून १३ चिन्हं आहेत, म्हणजे ११७ अक्षरांची माळ. ती डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि कुठे तुटली तर कुठे तुटली तेही कळत नाही.

त्याहून अवघड आहे तो याच शब्दातला ‘ऱ’. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे संकेतांक देतो त्या पद्धतीत, हे अक्षर अखंड एका संकेतानं लिहिता येतं, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असं दोन संकेतांनीही. ‘ऱ्य’सारख्या जोडाक्षरात तिसरी रीतही आहे: साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण मी संगणकावर एका रीतीनं लिहिलं, दादांच्या कळफलकानं दुसऱ्या, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावं असू शकतात. जुन्या मॅकवर फायलींची नावं साठवतानाच अक्षरांचे असे तुकडे केले जायचे, त्यामुळे तिथून आलेल्या फायलींत हा घोळ हमखास सापडतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘शेतकऱ्यांचे’ अशा शब्दांवाचून मराठी लिहिणं शक्य नाही, म्हणून ही अडचण आपल्याला रोजचीच आहे. शोधून सापडत नाही, लिंक उघडत नाही, आणि समोर तर अक्षर न अक्षर बरोबर दिसतंय!

त्यामुळे लिंक नावावर टेकवायचीच नाही, या निष्कर्षावर मी आले आहे. ऑब्सिडियनला ‘अ‍ॅडव्हान्स्ड यूआरआय’ नावाचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायची सोय, आहे. ते टिपणाच्या आत एक ओळखक्रमांक लिहितं आणि लिंक त्या क्रमांकावर चालते. लेखाचं शीर्षक बदललं, आणि दिवाळी अंकात ते शेवटच्या फर्म्यापर्यंत बदलू शकतं, तरी लिंक शाबूत. प्लगिनशिवाय नाव बदललं तर ऑब्सिडियन आतल्या लिंका सुधारतं, पण टूडूइस्टमध्ये ठेवलेल्या लिंकेची त्याला खबर नसते. हा फरक नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी आपली सुमारे ९०,००० टिपणपत्रं अशाच अढळ क्रमांकांवर जोडली होती. विषय बदलला तरी पत्राचा क्रमांक बदलायचा नाही. मी अंकातल्या दर लेखाला असाच एक छोटा क्रमांक देते, मुद्दाम इंग्रजी आकड्यांत, कारण ते कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कळफलकावरून एकाच रीतीनं उमटतात. तोच क्रमांक टिपणाच्या नावात, कामाच्या ओळीत, मेलच्या विषयात आणि छापील प्रुफाच्या कोपऱ्यात पेनानं. जिथे लिंक पोचत नाही तिथे क्रमांक पोचतो.

आणि लिंक न पोचणाऱ्या जागा आहेतच. मेलची सोय त्यातल्या त्यात बरी. प्रत्येक मेलला त्याचा स्वतःचा मेसेज-आयडी असतो, जीमेलमध्ये मूळ संदेश उघडला की तो दिसतो आणि त्यावरून नेमका तोच मेल पुन्हा काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मात्र गप्पांची लिंक करता येते, एकेका संदेशाची नाही. आमचे ज्येष्ठ लेखक तर दुरुस्त्या आवाजी संदेशानंच सांगतात, आणि ते फार छान सांगतात, स्वल्पविरामासकट. ते मी ऐकता ऐकता टिपणात उतरवते, बाजूला संदेशाची तारीख-वेळ लिहिते आणि फाइल उतरवून त्याच क्रमांकानं ड्राइव्हवर ठेवते. वेळ जातो, पण लेखकाचा शब्द हरवू नये यासाठी तेवढं करायलाच हवं.

मॅक वापरणाऱ्यांनी हूकमार्क बघावं, ते दोन वेगळ्या अ‍ॅपांतल्या गोष्टी थेट एकमेकींना जोडून देतं. इमॅक्स या जुन्या मजकूर-संपादकाची भीती नसेल त्यांनी त्यातला ऑर्ग-मोड. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ साली ते सुरू केलं आणि त्यात काम आणि टिपण एकाच मजकूर-फायलीत राहतं, म्हणजे निम्मा प्रश्न उरतच नाही. मी विंडोज आणि अँड्रॉइडवर असल्यानं पहिलं मला उपयोगाचं नाही, दुसरं शिकायची इच्छा आहे.

यंदा जाहिरातींनाही क्रमांक द्यायचे आहेत. त्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, एकीच्या चार-चार आवृत्त्या, आणि शेवटची मंजूर कोणती हे जाहिरातदाराच्या एका ‘ओके’वर ठरतं. त्या ‘ओके’ची नोंद तुम्ही कशी ठेवता? कुणाकडे चालणारी रीत असेल तर खाली सविस्तर लिहा, मला पुढच्या महिन्याच्या आत ती हवी आहे.