कोणाचं ओरिजिन?

बुधवार, रात्री

‘ओरिजिनवर टाकलंय, ओढून घ्या’ हे वाक्य आमच्या टीममध्ये आजपासून बंद. निदान ताईंच्या समोर तरी. (गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल. दुसरीकडे ठेवलेल्या कोडच्या साठ्याला, म्हणजे रेपोला, ते आपल्या मशीनवर जे टोपणनाव देतं तो रिमोट; ओरिजिन हे त्यातलंच एक नाव.) ताई म्हणजे आमच्या टेस्टिंग लीड; अख्खा मजला त्यांना ताईच म्हणतो.

झालं असं की नवीन आलेल्या मुलाने लॉगिनची दुरुस्ती केली होती आणि ताईंना ती काही केल्या दिसेना. तो म्हणे, पुश केलंय, म्हणजे रिमोटवर चढवलंय. ताई म्हणे, फेच केलंय, म्हणजे तिथून ओढलंय, काही नाही. आवाज चढायला लागले तेव्हा मी दोघांनाही म्हटलं, ‘गिट रिमोट’ला डॅश-व्ही लावून रिमोटची नावं-पत्ते काढा आणि स्क्रीन शेअर करा. दोघांकडे दोनच नावं, ओरिजिन आणि अपस्ट्रीम. फक्त पत्ते उलटे! ताईंचं ओरिजिन म्हणजे क्लायंटचा रेपो, त्या पोराचं ओरिजिन म्हणजे त्याचा स्वतःचा फोर्क, त्याच रेपोची त्याच्या खात्यातली प्रत. दोघंही अगदी खरं बोलत होते.

हे उलटं होतं कसं तेही सरळ आहे. क्लोन केलं, म्हणजे रेपो आपल्या मशीनवर उतरवला, की ज्या पत्त्यावरून केलं त्याला गिट आपणहून ओरिजिन म्हणतं. ताईंनी क्लायंटचा रेपो क्लोन केला, तिथेच त्यांचं ओरिजिन ठरलं. पोराने गिटहबचं, म्हणजे रेपो ठेवायच्या वेबसाइटचं, कमांड-लाइन टूल वापरलं. क्लोनच्या आत उभं राहून फोर्क केला की ते टूल जुन्या ओरिजिनला अपस्ट्रीम करतं आणि ओरिजिन हे नाव नव्या फोर्कला देतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ही नावं कमिटबरोबर, म्हणजे नोंदवलेल्या बदलाबरोबर, कुठेही जात नाहीत. ती प्रत्येकाच्या मशीनवर, डॉट-गिट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये पडून असतात. म्हणजे खासगी नाव आपण भर मीटिंगमध्ये सार्वजनिक असल्यासारखं वापरतो.

पुण्यात कुणी ‘मारुतीपाशी भेट’ म्हणत नाही. जिलब्या, डुल्या, सोन्या, पत्र्या, भिकारदास, यातला कुठला ते आधी सांगावं लागतं. मग दोन-तीन रिमोट असलेल्या टीमने नुसतं ‘ओरिजिन’ का म्हणावं?

अपस्ट्रीमचा तर आणखी घोळ. रिमोटचं नाव म्हणूनही तेच, आणि आपल्या मशीनवरची लोकल ब्रँच (कोडची फांदी) रिमोटवरच्या ज्या ब्रँचवर नजर ठेवून असते तिलाही गिट अपस्ट्रीमच म्हणतं. ‘अपस्ट्रीम सेट कर’ म्हटलं की एक जण नवा रिमोट जोडतो, दुसरा ब्रँच जोडायला पुशला डॅश-यू लावतो.

तर ठरलं ते असं: रिमोटचं नाव म्हणजे मालकाचं नाव. ‘क्लायंट’, ‘कंपनी’, आणि फोर्क असेल तर ज्याचा त्याचं पहिलं नाव. ताईंच्या मशीनवर लगेच ‘गिट रिमोट रिनेम ओरिजिन क्लायंट’ मारलं. ट्रॅकिंग ब्रँचेस नव्या नावाखाली गेल्या, ब्रँचच्या सेटिंगमधलं रिमोटचं नावही बदललं, त्यामुळे नुसतं पुल पूर्वीसारखं चाललं. ताईंना हे बघून फारच बरं वाटलं. त्यांना वाटत होतं सगळं परत क्लोन करावं लागणार. पोराच्या मशीनवर रिमोट डॉट पुश-डिफॉल्टला (पुश आपोआप कुठे जावं ते ठरवणारी सेटिंग) त्याचा फोर्क दिला, आणि ‘क्लायंट’च्या पुश पत्त्याच्या जागी मुद्दाम भलताच शब्द टाकला. आता चुकून तिकडे पुश केलं तर गिटच अडवेल.

आर्किटेक्ट सरांना हे पटलेलं नाही. जगभर ओरिजिन म्हणतात, प्रत्येक ट्युटोरियलमध्ये तेच आहे, आपण कशाला वेगळं करायचं? एकच रिमोट असेल तिथे सर बरोबर आहेत, तिथे ओरिजिनच असू दे. सीआयची, म्हणजे कोड आपोआप तपासणारी, मशीनही दर वेळी नव्याने क्लोन करते, तिला एकच पत्ता माहीत. तिथेही हात लावायचा नाही. पण २००५ मध्ये ज्या लिनक्ससाठी गिट लिहिलं गेलं, तिथेच एकाच मशीनवर अनेक झाडं (ते रेपोला झाड म्हणतात) जोडायची पद्धत आहे आणि लोक त्यांना ‘लिनक्स-नेक्स्ट’, ‘स्टेबल’ अशी झाडाचीच नावं देतात. सरांनी यावर फक्त चहा मागवला.

एक पळवाट मात्र मी मोडून काढली. गिट २.३० पासून क्लोनचं डीफॉल्ट रिमोट-नाव कॉन्फिगमध्ये बदलता येतं, तेव्हा पोरगा म्हणाला ग्लोबलच ‘क्लायंट’ करून टाकू. अरे, मग तुझ्या घरच्या हौशी प्रोजेक्टचा रिमोटही ‘क्लायंट’ होईल! त्यापेक्षा क्लोन करताना डॅश-ओ लावून त्या-त्या रेपोपुरतं नाव द्यावं.

राहिली ती डिप्लॉयची, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवायची, जुनी स्क्रिप्ट. ती अजून लोकांच्या लॅपटॉपवरून चालते आणि तिच्यात ‘ओरिजिन’ ठासून भरलंय. रिनेम त्या स्क्रिप्टच्या आतलं काही बदलत नाही, म्हणजे ताईंच्या मशीनवर ती आता बंद पडणार. उद्या ग्रेप मारून तो शब्द कुठे-कुठे आहे ते बघतो म्हटलं तर ताई म्हणाल्या, बघ हवं तर, पण शुक्रवारचं रिलीज होईपर्यंत बदलू नकोस. तोवर डिप्लॉय तुझ्या मशीनवरून.