तुम्ही विचारलंत म्हणून: खात्रीचा तारा कुठला धरायचा?

चाळकेवाडीच्या पठारावर दुर्बीण लावली की साताऱ्याची पोरं हमखास विचारतात, सर, ताऱ्याच्या उजेडाचं पोलरायझेशन (म्हणजे किती टक्के उजेड एकाच दिशेत कंप पावतो आणि ती दिशा कुठल्या कोनात आहे) मोजायचंय ना, मग आधी ते ठरलेले तारे कशाला, आणि ठरवायचे तरी कसे?

आरसा, फिल्टर, कॅमेरा सगळेच थोडं थोडं पोलरायझेशन आपल्या पदरचं घालतात, शिवाय आपल्या पोलरॉइडचा (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या फिल्टरचा) शून्य अंश आकाशातल्या उत्तरेशी जुळेलच असं नाही. म्हणून एक तारा लागतो जवळपास शून्यवाला आणि एक भरपूर पोलरायझेशनवाला, आधी नीट मोजलेला. शून्यवाला सोपा आहे, जवळचा घ्या, मधे धूळच नसते. प्रश्वा हा ठळक तारा साडेअकरा प्रकाशवर्षांवर आहे, एक्स्पोजर अगदी छोटं ठेवा, झालं.

खरी गोची दुसऱ्यात आहे. मधल्या धुळीचे लांबट कण चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेत लागतात, त्यातून हे पोलरायझेशन येतं, हिल्टनर आणि हॉल या खगोलशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये ताऱ्यांच्या उजेडात ते मोजून दाखवलं. आता बघा, पोलरायझेशन जास्त हवं म्हणजे धूळ जास्त, म्हणजे तारा लांबचा, आणि एवढं असूनही आपल्या छोट्या दुर्बिणीत ठळक दिसायचा तर तो महाराक्षसी (प्रचंड मोठा आणि तेजस्वी) ताराच असणार, आणि हे तारे स्वतःचं द्रव्य वाऱ्यासारखं गुठळ्यागुठळ्यांनी बाहेर टाकतात, त्यावरून विखुरलेला उजेड स्वतःचं बदलतं पोलरायझेशन मिसळतो. म्हणजे आपल्याला सगळ्यात सोयीचा तोच सगळ्यात कमी भरवशाचा! मिथुनेतला एचडी ४३३८४ हा तारा घ्या, पोलरायझेशन तीनेक टक्के, पण त्यातही बदल नोंदलेले आहेत.

ग्रीसच्या क्रीट बेटावरल्या १.३ मीटर दुर्बिणीवरच्या रोबोपोल या पोलरायझेशन मोजणाऱ्या यंत्रानं (ते आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बनलंय, मला त्याचा फार अभिमान वाटतो) चार वर्षं १०७ तारे तपासले आणि ६५ च खात्रीचे म्हणून ठेवले, तेही मध्यम आणि मोठ्या दुर्बिणींसाठी.

म्हणून एकाच ताऱ्यावर कधीच विसंबू नका. जानेवारीत मी एचडी ४३३८४ सोबत त्याच रात्री शर्मिष्ठेतला फाय हा तारासुद्धा घेतो, कॅटलॉगात (आधी मोजलेल्या ताऱ्यांच्या यादीत) दोघांच्या पोलरायझेशनच्या कोनांत साधारण पंचाहत्तर-ऐंशी अंशांचा फरक आहे, आणि तो फरक काढायला पोलरॉइडचा शून्य कुठे आहे हे माहीत असावं लागत नाही, म्हणून तो तेवढाच आला तर दोघांवर भरवसा ठेवायचा. फायही महाराक्षसीच, पण दोघं एकाच रात्री सारखेच भरकटतील असं सहसा होत नाही. फिल्टर मात्र कॅटलॉगातलाच लावा, रंग बदलला की टक्के बदलतात. आणि चंद्र असेल तर त्याच्यापासून नव्वद अंशांवरचे तारे टाळा, तिथे आकाशच सगळ्यात जास्त पोलराइझ्ड असतं.