वीतभर अंतर

इचलकरंजीला आजोळी भिंगाला कुणी भिंग म्हणत नसे. "आण्णांचा डोळा कुठं गेला रं?" असा आजीचा आवाज माजघरातून आला की नातवंडांची पळापळ व्हायची, कारण तो डोळा बहुतेक वेळा आमच्यापैकीच कुणाच्या तरी हातात असायचा. अंगणात वाळलेल्या पानाला भोक पाडायचा उद्योग चाललेला असे. पितळी कडं, काळी लाकडी मूठ आणि काचेच्या कडेला एक टवका. टवका कुणी पाडला, हा प्रश्न घरात अजून निकाली निघालेला नाही.

आण्णा त्यातून पंचांग वाचत. भिंग आधी कागदावर टेकवायचे आणि मग हळूहळू वर उचलायचे. अक्षरं फुगत जायची. फार वर नेलं की एकदम विरघळायची, आणि आणखी लांब नेऊन मान मागं घेतली तर उलटी होऊन परत यायची. अमावास्या डोक्यावर उभी. मला त्यात जादूच वाटे. आण्णांना मात्र राहुकाळ बघायचा असे.

परवा गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचता येईना, तेव्हा कपाटातून तोच डोळा बाहेर काढला. ती तारीख छापणाऱ्याला बहुधा ती कुणी वाचू नये असंच वाटत असावं. भिंग लावलं, तारीख दिसली, गोळ्या बाद निघाल्या. पण भिंग हातातच राहिलं.

इतकी वर्षं मी समजत होते की भिंग वस्तू मोठी करतं. खरं तर ते आपल्याला वस्तूच्या जवळ जाऊ देतं. कुठलीही गोष्ट जवळ घेतली की मोठी दिसतेच, त्याला काच लागत नाही. अडचण डोळ्याची आहे. साधारण 25 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं, एवढं अंतर राखलं तरच चांगल्या डोळ्याला नीट दिसतं. त्याहून जवळ आणलं की धुरकट. चाळिशी ओलांडली की ती वीत हळूहळू हातभर होते, आणि मग वर्तमानपत्र धरायला हात अपुरे पडायला लागतात. बहिर्गोल भिंग मध्ये धरलं की प्रकाशकिरण आधीच थोडे वळवून मिळतात, डोळ्याची निम्मी मेहनत वाचते आणि पाच सेंटिमीटरवरची वस्तूही स्वच्छ दिसते. पंचविसाला पाचाने भागा, पाच पट. भिंगाचा सगळा हिशेब हा एवढाच.

आमचा मामा कापडाचा व्यापारी. इचलकरंजीत कापड म्हटलं की पिक आलंच. इंचाला आडवे धागे किती, त्यावर कापडाची जात ठरते आणि मागावरच्या माणसाची मजुरीही. मामाच्या खिशात एक घडीचं भिंग असायचं. उघडलं की खाली इंचभर चौकोनी खिडकी, वर काच. ते कापडावर ठेवून, एक डोळा मिटून, तो सुईच्या टोकानं धागे मोजायचा. मोजत असताना त्याला हाक मारायची नाही. मारली तर पहिल्यापासून मोजणी, आणि वर शिव्या.

एका मे महिन्यात त्याच मामानं आम्हाला दुर्बीण करून दिली. चष्म्याच्या दुकानातून एक नंबरची काच आणली. अधिक एक नंबर म्हणजे समोरून आलेला उजेड बरोबर एक मीटरवर गोळा करणारी काच. दोन नंबरची अर्ध्या मीटरवर करते. चष्म्याचा नंबर म्हणजे नेमकं काय हे मला त्या दिवशी कळलं, तोवर तो मला परीक्षेच्या नंबरासारखाच वाटायचा. ती काच ताग्याच्या आतल्या पुठ्ठ्याच्या लांब नळ्याला पुढून चिकटवली. मागच्या बाजूला मामाचं पिक मोजायचं भिंग.

रात्री माडीवर गेलो. मामानं आधी मागचं भिंग न लावताच नळ्याच्या टोकाशी तेलकट कागद धरला. कागदावर चंद्र आला! शर्टाच्या बटणाहून थोडा लहान, नऊ मिलिमीटरचा, पण चंद्रच. मग कागद काढला, भिंग लावलं आणि म्हणाला, "आता ह्याचं पिक मोज."

दुर्बिणीचं मर्म इतक्या नेमक्या शब्दांत मला पुढं कुणी सांगितलं नाही. पुढची काच लांबच्या वस्तूची छोटीशी प्रतिमा नळीत आणून ठेवते. मागची काच म्हणजे आण्णांचा डोळा, समोर आणून ठेवलेलं जवळून वाचणारा. एकीनं आणायचं, दुसरीनं वाचायचं. पुढची एक मीटरवाली, मागची पाच सेंटिमीटरवाली, शंभर भागिले पाच, वीस पट. मामाच्या सगळ्या खटाटोपाचा खर्च एका काचेचा, आणि पट मात्र गॅलिलिओच्या दुर्बिणीइतके.

"मामा, चंद्र खाली डोकं वर पाय झालाय."

"मग तू उलटी हो की."

कडेला जांभळी किनारही दिसत होती, इरकली लुगड्याच्या काठासारखी. साधी काच तांबड्या-निळ्या रंगांना एकाच जागी गोळा करू शकत नाही, त्यामुळे ही किनार सुटते. मामानं पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून ते काचेवर बसवलं. मला वाटलं, आता चंद्र अर्धामुर्धा दिसणार. तो पुरता दिसला, जरा मंद आणि जास्त रेखीव. काचेचा प्रत्येक तुकडा अख्खा चंद्र आणतो, हे अजूनही मला पूर्ण पटलेलं नाही. आण्णांच्या भिंगाचा टवका म्हणूनच कधी पंचांगात दिसला नसावा.

'दुरून डोंगर साजरे' ही आपली म्हण त्या रात्री निकामी झाली. चंद्रावरचा ससा गेला आणि देवीचे व्रण असल्यासारखे खड्डे आले. गॅलिलिओनं 1609 च्या हिवाळ्यात हेच पाहिलं, आणि 7 जानेवारी 1610 ला गुरूजवळ एका ओळीत तीन ठिपके. चौथा काही दिवसांनी सापडला. ते गुरूभोवती फिरतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि सगळं आकाश पृथ्वीभोवती फिरतं ही समजूत डळमळली.

त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर 1608 मध्ये, हॉलंडमधल्या मिडलबर्ग गावचा हान्स लिपर्शे नावाचा चष्मेवाला 'लांबचं जवळ दिसण्याचं' यंत्र घेऊन सरकारदरबारी गेला. मक्ता मागितला. तो मिळाला नाही, कारण काही आठवड्यांतच आणखी दोघं 'हे आम्हालाही येतं' म्हणत पुढं आले. दोन काचा आणि एक नळी, लपवणार काय? मला नवल वाटतं ते उशिराचं. इटलीत चष्मे तेराव्या शतकाच्या शेवटी आले. म्हणजे तीनशे वर्षं चष्मेवाल्यांच्या दुकानात काचा शेजारीशेजारी पडलेल्या, आणि एकीमागं एक धरून बघावं असं घडलं नाही, किंवा घडलं तरी कुणी लिहून ठेवलं नाही.

सूक्ष्मदर्शकाची तऱ्हा तीच, फक्त उलट्या टोकाची. पुढची काच आणणारी, मागची वाचणारी. दुर्बिणीची पुढची काच परातीसारखी रुंद, कारण लांबून येणारा उजेड गोळा करायचा असतो. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, सत्तर मिलिमीटरची काच तिच्या शंभर पट उजेड घेते. तारे दुर्बिणीतूनही ठिपकेच राहतात, नुसते जास्त दिसतात. सूक्ष्मदर्शकाची पुढची काच इवलीशी आणि पोट सुटलेली, वस्तूला जवळजवळ चिकटणारी. चाळीस पटीची ती आणि दहा पटीची डोळ्याकडची, मिळून चारशे. कॉलेजात कांद्याच्या पापुद्र्यावर मी पहिल्यांदा हे यंत्र वापरलं आणि मन लावून जी आकृती काढली ती माझ्याच पापणीची निघाली.

पण माझा जीव जडला आहे तो एकाच काचेवाल्यावर. डेल्फ्टचा आंतोनी फान लेवेनहुक, जन्म 1632, धंदा कापडाचा! धागे तपासायला भिंग वापरणारा, म्हणजे आमच्या मामाच्याच जातकुळीतला. दोन काचांच्या यंत्रात तेव्हा दोघींचे दोष एकत्र येत आणि सगळं रंगीत धुक्यात बुडे. यानं राईएवढं एकच भिंग घासलं, धातूच्या दोन पट्ट्यांत बसवलं आणि डोळ्याला भिडवलं. त्याच्या उरलेल्या भिंगांतलं सगळ्यात ताकदीचं सुमारे 270 पटीचं आहे. आपल्या हिशेबानं पंचवीस सेंटिमीटरला 270 नं भागलं तर अंतर एक मिलिमीटरच्याही आत येतं. राईचा पर्वत म्हणतात तो हाच, फक्त इथं राई बघणाऱ्याच्या बाजूला होती.

1674 मध्ये त्यानं तळ्याच्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, आपल्या डच भाषेत, कारण दुसरी येत नव्हती. विद्वानांचा विश्वास बसेना. शेवटी 1677 मध्ये सोसायटीच्याच रॉबर्ट हुकनं स्वतः बघून खात्री केली. 1683 मध्ये लेवेनहुकनं दातांवरचं कीट खरवडून पाहिलं आणि कळवलं की माझ्या एकट्याच्या तोंडात जेवढे जीव आहेत तेवढी माणसं आमच्या देशात नाहीत. हे वाचल्यावर मी उठून चूळ भरून आले.

फारसीत 'बीन' म्हणजे बघणारं. दूर बघणारी ती दुर्बीण. हिंदी-उर्दूत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात, आणि हा खुर्द आपल्या ओळखीचा आहे. पुण्याजवळचं वडगाव खुर्द आणि वडगाव बुद्रुक, धाकटं आणि थोरलं. आपण गावांच्या पाट्यांवर खुर्द ठेवला आणि यंत्राला मात्र सूक्ष्मदर्शक म्हटलं. बारावीतली मुलं ते म्हणताना अडखळतात, पण आता कोण बदलणार!

मोठ्या दुर्बिणींतून भिंगं गेली. अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेत 1897 मध्ये चाळीस इंची भिंग बसलं, ती एक हद्दच होती. काच फक्त कडेनं धरता येते, आणि एवढी मोठी काच आपल्याच भारानं वाकते. आरशाला पाठीमागून आधार देता येतो, म्हणून मग आरसे आले. जुन्नरजवळ गिरवलीला 'आयुका'ची, म्हणजे पुण्याच्या खगोलसंस्थेची, दोन मीटरची दुर्बीण आहे, तीही आरशाचीच.

गोळ्या टाकून दिल्या. भिंग कपाटात ठेवायच्या आधी सवयीनं खिडकीसमोर धरलं, भिंतीपासून चार बोटांवर. समोरची इमारत भिंतीवर उतरली, पिंपळपानाएवढी, उलटी. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढत होत्या. कपडे दोरीवर उभे होते आणि वहिनी एकेक उपटत होत्या.