सागाची खाच

खानापूरच्या एका वखारीत परवा सागाचा तुकडा घेऊन बसलो होतो. त्याची टोकाकडची बाजू पाण्याने भिजवून ब्लेडने पातळ तासली आणि भिंगाखाली धरली, तेव्हा प्रत्येक वर्षवलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग आणि पुढे बारीक होत गेलेली छिद्रे स्पष्ट दिसली. तिथले वयस्कर सुतारमामा म्हणाले, “भिंग कशाला मास्तर? वास घ्या की जरा.” ताज्या तासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो, हे खरेच आहे. (आमच्याकडे साग आणि कन्नडातला तेग हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या तोंडी असतात.)

प्राचीन जहाजाच्या लाकडाचा वास आणि रंग यांवर मात्र भरवसा ठेवता येत नाही. तिथे छिद्रांच्या रचनेचाच आधार, म्हणून आडवा, अरीय (गाभ्यातून सालीकडे जाणारा) आणि स्पर्शीय (वलयांना स्पर्शून उभा जाणारा) असे तिन्ही छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या रोमनकालीन बंदरात सागाचे बरेच लाकूड कोरड्या हवेमुळे टिकून राहिले. त्या वाळवंटात साग उगवत नाही. इमारतींत वापरलेल्या काही तुकड्यांवर आधीच्या जोडकामाच्या खुणा असल्याने ते मोडीत काढलेल्या जहाजांचे असावेत, असे अभ्यासक मानतात. हे वाचताना मला वखारीतली एक तुळई आठवली. जुने घर पाडून आणलेल्या त्या तुळईवर कुसू, म्हणजे सांध्याचे लाकडी टोक, बसवण्याची रिकामी खाच तशीच होती आणि आता तिची चौकट होणार होती.

तरीही साग सापडला म्हणजे जहाज भारतात बांधले, असे म्हणता येत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मालात सागाचाही उल्लेख आहे, म्हणजे लाकूड नुसतेही समुद्रापार जात होते. भूमध्य समुद्राकडचे कारागीर फळ्या खाच आणि कुसू यांनी जोडत, तर हिंदी महासागरात काथ्याने फळ्या शिवण्याची जुनी परंपरा होती. त्यामुळे छिद्रांइतकीच सांध्याची नोंद मोलाची आहे. बेरेनिकेचा साग आमच्या सह्याद्रीतला असावा असे मला फार वाटते, पण छेदावरून झाड कळते, रान कळत नाही.

निघताना मामांनी त्या तुळईचा खाचेकडचा टाकाऊ तुकडा कापून दिला. त्याचे तिन्ही छेद आता तयार आहेत, आणि वहीत खाचेची लांबी, रुंदी व खोली वेगळी लिहिली आहे.